तीन रात्री, अकरा ते पाच

मजुरी रात्रीची साडेचारशे, वर चहा.
अंगात चमकणारं जाकीट, गळ्यात शिट्टी,
हातातल्या झेंडीचा लाल रंग धुऊन धुऊन गेरूसारखा.

पादचारी पुलाचा मधला गाळा सडलाय,
सळया बाहेर आल्यात मोडक्या छत्रीगत.
तो क्रेननं उतरवायचा म्हणून हायवे बंद
आणि हैदराबादकडं जाणारं सगळं
आमच्या गावातून.

तूर कापून मोकळ्या झालेल्या वावराच्या कोपऱ्यावर मी उभा.
पौषातली थंडी, कानाला मफलर.
ट्रक येतो, झेंडी हलते, तो कुरकुरत वळतो
शाळेच्या भिंतीला लागून,
जिथं 'पाणी अडवा'मधला 'अ' पोपडा होऊन गळलाय.
पुढं हापशी, मग दिवाकर कुंभारेच्या पडवीचं टिन.
पहिल्याच रात्री एका कंटेनरनं ते
मास्तरनं कान पिळावा तसं पिळून टाकलं.
दिवाकर उठला, पाहिलं, पुन्हा झोपला.
सकाळी म्हणाला, "माह्या टिनाचे पैसे कोन देईन, लेका?
झेंडी तं तुह्या हातात होती."

ड्रायव्हर काच खाली करतात:
"भैया, कितना घुमाके?"
बारा किलोमीटर.
"बारा!" आणि एक शिवी.
मला नाही. पुलाला असेल,
किंवा त्या आकड्यालाच.

आकडा आमच्या ओळखीचा आहे.
रस्ता चारपदरी झाला तेव्हा
इकडची वस्ती इकडं राहिली, तिकडची तिकडं.
मधे पूल दिला: चौपन्न पायऱ्या चढा, चौपन्न उतरा.
पोट्टे चढले. बकऱ्याही शिकल्या.
अनुसयाकाकूचे गुडघे काही शिकले नाहीत.
तिची बहीण कौतिका बरोब्बर समोर राहते,
वाळत घातलेलं लुगडं इथून ओळखू येतं.
तिच्याकडं जायचं तर ऑटोनं सहा किलोमीटर
फाट्यापर्यंत, तिथून वळून सहा मागं.
साठ रुपये.
दिवाळीला, नाहीतर कोणी मेलं तर.

दुसरी रात्र, दोनचा सुमार.
काकू आली. काठी, शाल, पिशवी.
"रोड बंद हाये ना रे?"
हाव.
"पुरा?"
हाव काकू, पुरा.
"मंग जातो मी कौतिकाकडं."

सुपरवायझरनं तोंड उघडलं,
तेवढ्यात त्याचाच फोन वाजला.

ती डांबरावर उतरली. आधी एक पाय टेकवून पाहिला,
नदीत शिरताना बाई पाण्याचा अंदाज घेते तसा.
अख्ख्या रस्त्यावर गाडी नाही.
क्रेनच्या उजेडात तिची सावली
तिच्या आधी पलीकडं पोचली.
दुभाजक तोडलेल्या जागी ती थांबली.
मला वाटलं, दमली.
तर कण्हेरीची दोन फुलं तोडून
एक अंबाड्यात खोवलं, एक पिशवीत टाकलं.

समोर कौतिकाच्या घरचा बल्ब लागला.
झेंडी हलवायची राहिली माझी,
मागं हॉर्न वाजायला लागले तेव्हा भानावर आलो.

पाचला बॅरिकेडं उचलली.
पहिली ट्रॅव्हल्स सुसाट गेली, मग दुसरी, मग मोजणं सोडलं.
काकू तिकडंच.
फोन आला: "बोलत बसलो रे, पातोडी केली होती तिनं,
कोंबडा आरवला तवा समजलं.
आता आज रातच्याले येतो.
माह्या कोंबड्या सोड तेवढ्या.
लाल कोंबडी खुडूक हाये, तिले हात नोको लावू."

ऊन वर आलं. समोर, गाड्यांच्या फटीफटीतून,
दोन लुगडी वाळत होती.

सुपरवायझर जांभई देत म्हणाला,
गाळा आज नाही बसला तर चौथी रात्रही लागेल.
मी काही बोललो नाही.
जाकिटाची घडी केली, काकूच्या घरी गेलो,
खुराड्याचं दार उघडलं.
हात लावला नव्हता,
तरी लाल कोंबडीनं चोच मारलीच.